पाठुंगळ्याचं पाणी

चावलं ते आधी कळलंच नाही. म्हणजे कळ अशी सणकून गेली की मला वाटलं, सुईच घुसली. शिवणकाम करणाऱ्या बाईला बोटात सुई घुसणं काही नवं नाही. पण हात तर बादलीत होता. नाझारेनोची मासेमारीची पांढरी बादली. गेल्या शनिवारपासून मोरीत तशीच पडलेली, तळाशी आमिषाचे चिमुकले मासे, निम्मे मेलेले, निम्मे मरायला टेकलेले, आणि आमच्या साहेबांना ती ओतायची सवड नाही. नवरा म्हणजे काय, तर घाण आणून ठेवणारा आणि पुढचा शनिवार आला की पुन्हा चालता होणारा. जाळीत मासे अडकून मोरी तुंबायला नको म्हणून मी ते हाताने काढत होते, तोंडाने त्याचा उद्धार करत, आणि आई गं! हात झटकला तसं काहीतरी चपटं, तपकिरी फरशीवर पडलं आणि उताणं होऊन पाय मारायला लागलं. झुरळ म्हणून मी चप्पल उचलली. तेवढ्यात ते सुलटं झालं आणि चप्पल माझ्या हातातच राहिली. त्याच्या पाठीवर अंडी होती. कणसावर दाणे असावेत तशी, एकाला एक चिकटून, सगळी पाठ भरलेली.

चार वर्षांत मी तो किडा पाहिला नव्हता. त्याचं नावही घेतलं नव्हतं. इथले लोक त्याला पाण्यातलं झुरळ म्हणतात, पण आमच्या घरात तो पाठुंगळ्या होता, कारण आम्पारोने ते नाव ठेवलं होतं. मादी नराच्या पाठीवर अंडी घालते आणि चालायला लागते, बाईसाहेब मोकळ्या. नर ते ओझं घेऊन हिंडतो, अधूनमधून वर येऊन पाठ हवेत धरतो, पिल्लं बाहेर पडेपर्यंत. ‘मा, यांच्या घरात बाबाच सगळं करतो,’ असं आम्पारो म्हणायची आणि बापाच्या पाठीवर उडी मारून त्याच्या मानेला लोंबकळायची. ‘चल पाठुंगळ्या, वर जाऊ हवा खायला!’ आणि तो गाढव खरंच तिला घेऊन जिना चढून गच्चीवर जायचा, दिवसभर विटा उचलून आलेला माणूस. आम्पारो आमची मुलगी. नऊ वर्षांची होती. वीटभट्टीच्या खड्ड्यात बुडाली, जानेवारीत, दुपारच्या झोपेच्या वेळी. सांगून टाकलं ते बरं झालं; हे वाक्य जितका वेळ तोंडात धरावं तितकं जड होत जातं.

मेयोनेजची एक रिकामी बरणी होती, तिच्यात बादलीतलं पाणी घेऊन मी त्याला सोडलं आणि मोरीच्या कट्ट्यावर बसून राहिले. बोट ठणकत होतं. मनात एकच, की हा इथं आला कसा. नदीतून आला असेल, दुसरं काय! नाझारेनो दर शनिवारी पाराना नदीवर जातो, गळ टाकतो, ऊन कलल्यावर मासे घेऊन येतो. बादली नदीत बुडवली असेल, तिच्यातून हा आला असेल. झालं. उगाच कशाला डोकं चालवतेस, एरमिंदा, उठ, फरशी पूस. पण मी उठले नाही. नदीवर पाण्याच्या झाडांच्या ज्या हिरव्या गाद्या तरंगत येतात ना, त्यांच्याखाली असतात ते मोठे असतात, काळपट, बघूनच अंगावर काटा यावा असे. हा नखाएवढा होता आणि त्याच्या कडेला फिकट पिवळी पट्टी होती. पिवळ्या पट्टीवाला नदीत नसतो. हे मला कुणी पुस्तकातून सांगितलेलं नाही. एक अख्खा उन्हाळा त्या पोरीने मला याच्यापायी नाचवलं होतं. शाळेत बाईंनी भिंतीवरचा नकाशा दाखवला आणि ही घरी उड्या मारत आली. ‘मा, हा बोलिव्हियात आहे, पाराग्वायमध्ये आहे, ब्राझीलमध्ये आहे, उरुग्वायमध्येपण आहे!’ मी म्हटलं, ‘असू दे बाई, आपल्या घरात नाही ना, मग झालं.’ ‘तेच तर! एवढ्या देशांत आहे आणि आपल्या गल्लीत नाही. असं कसं?’ मग काय, माझी चहाची गाळणी गेली, बरणी गेली, माझ्या दुपारी गेल्या. रेल्वेच्या यार्डामागचं गटार झालं, बागेतलं तळं झालं, गुरांच्या बाजाराजवळचा हौद झाला. ती पोटावर पालथी पडून गाळणी फिरवायची आणि मी पाय धरून उभी. ‘आहे का?’ ‘नाही.’ ‘आता तरी आहे का?’ ‘मा, तू गप्प बस, तो लाजतो.’ तळ्यात मासे फार म्हणून नाही. हौदात गवत नाही म्हणून नाही. नदीला ओढ फार म्हणून नाही. काय नखरे! त्याला पाणी हवं ते साचलेलं, आणि तेही गुडघ्याच्या वर नको. पाण्यातून वर आलेलं गवत हवं, धरून बसायला. आणि दुपारी थोडी सावली. मी म्हटलं होतं, ‘तुझ्या आजीपेक्षा याच्या मागण्या जास्त आहेत.’ शेवटी सापडला तो ओचोआच्या बंद पडलेल्या वीटभट्टीमागे. माती काढून काढून खणलेला मोठा खड्डा, पावसाच्या पाण्याने भरलेला, आणि एका कोपऱ्यात खणणाऱ्यांनी सोडून दिलेला उथळ कट्टा, त्यावर गवत. गाळणी एकदाच घातली आणि वर आले तिघं. पोरगी अशी किंचाळली की मला वाटलं साप चावला.

मग उडून आला असेल, मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, रिकाम्या मोरीत. उडतात ते, दिव्यावर येतात, उन्हाळ्यात पेट्रोल पंपाच्या उजेडाखाली पडलेले दिसतात. खिडकी उघडी होती, उजेड बघून आला आणि बादलीत पडला, देवाची करणी. मला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! पण बरणीत तो पाण्याच्या वर पाठ काढून बसला होता आणि पाठीवर अंडी होती, आणि आम्पारोचा आवाज माझ्या कानात, तो शहाणा, थोडा नाकातला आवाज. ‘पाठीवर पोरं असली की तो उडू शकत नाही, मा. पंख आहेत, पण उघडणार कसे?’ म्हणजे उडून आलेला नाही. कोणीतरी त्याला त्याच्या पाण्यातून उचलून आणलंय. आणि त्याचं पाणी एकच आहे.

मी उठून बाहेरच्या खोलीत आले आणि दाराच्या मागे बघितलं. गळाच्या काठ्या तिथंच होत्या. दोन्ही. सकाळपासून तिथंच असणार, आणि मी आंधळी, चारदा दार उघडलं असेल. फळीवर त्याचं घड्याळ होतं. ते तो नेहमीच ठेवून जातो, भिजायला नको म्हणून. पण घड्याळाशेजारी आज किल्ल्याही होत्या. काठ्या नेल्या नाहीत, आमिषाची बादली नेली नाही, किल्ल्या नेल्या नाहीत. ज्याला घरी परत यायचंय तो किल्ल्या ठेवून जातो का? आणि सकाळी, मी अंथरुणात असताना, त्याने वाकून माझ्या कपाळाला ओठ लावले होते. मी झोपेचं सोंग केलं होतं. चार वर्षं मी त्याच्यासमोर झोपेचंच सोंग करते आहे, खरं सांगायचं तर.

कारण मला त्याचा राग होता. राग म्हणजे कसा, पोटात निखारा ठेवल्यासारखा, विझू नये म्हणून मीच त्याला फुंकर घालत बसायची. पोरीला पुरून महिना झाला नव्हता आणि हा माणूस काठ्या घेऊन नदीवर निघाला. शीळ घातली नाही एवढंच. मी दारात उभी राहून बघत राहिले. माणूस आहे का दगड? मी रात्ररात्र भिंतीकडे तोंड करून पडलेली आणि हा मासे आणतोय! आणतो तर आणतो, तेही विकत घेतलेले. मी बेटावर वाढलेली आहे, माझा बाप मासेमारी करायचा; साबालो माशाचा कल्ला उघडला की मला कळतं तो सकाळी पाण्यात होता की काल बर्फात. याचे सगळे बर्फातले. तेव्हा मी काय समजले असेन? बाई. ठेवली असेल कुणीतरी, नदीकाठी, आणि येताना घाटावरून मासे घेऊन येतो, लपवायला. मी ते मासे तळायची, लिंबू पिळून पुढे ठेवायची, आणि तो म्हणायचा, ‘आज बरे झालेत.’ मी म्हणायची, ‘ताजे आहेत ना!’ खाली मान घालून खायचा बिचारा. बाई आहे या विचाराने मला एक प्रकारे बरंच वाटायचं. बाई असेल तर राग करता येतो. आता त्या खोलीत उभी राहून मी देवाची विनवणी करत होते, की बाईच असू दे, तरणी असू दे, देखणी असू दे, पण तो खड्ड्यावर नको.

बरणी पिशवीत घातली आणि तशीच निघाले, शिवणाच्या ॲप्रनमध्ये, टाचण्या छातीवर खोचलेल्या. खालची झुल्मा दारात खुर्ची टाकून ‘माते’ या कडू चहाचा तुंबा नळीने ओढत बसली होती. सगळं गाव झोपलं तरी ही जागी. ‘अगं बाई, एवढ्या उन्हात कुठं? ॲप्रन तरी काढ!’ मी म्हटलं, ‘येते आत्ता.’ ‘नवरा नदीवर, बायको उन्हात. काय जोडी आहे!’ मग माझ्या तोंडाकडे बघून तिने तुंबा खाली ठेवला. ‘एरमिंदा, काय झालं? मी येऊ?’ मला तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं, पण रडायला बसले तर बस चुकेल, म्हणून मी नुसती मान हलवली.

बसमध्ये मी आणि ड्रायव्हर. सगळ्या खिडक्यांवर झडपा ओढलेल्या, रस्ते रिकामे, कुत्रीसुद्धा गाड्यांखाली आडवी. जानेवारीची दुपार, इथला ऐन उन्हाळा. इथं या वेळेला मोठी माणसं मेल्यासारखी झोपतात आणि पोरांना दटावून झोपवतात, आणि सगळ्या गावची पोरं पळून जातात, पिढ्यान्‌पिढ्या. मीही लहानपणी पळालेली आहे. कोणाचं काही होत नाही. आमचं झालं. त्या दुपारी पंखा घरघरत होता, नाझारेनो भिंतीच्या कडेला, मी अलीकडे, आणि ती अनवाणी निघून गेली, चपला हातात घेऊन, आवाज नको म्हणून. एक चप्पल जिन्यात सापडली. तिला वाटलं असेल, आई उठायच्या आत येऊ. कोपऱ्यातल्या उथळ कट्ट्यावर उभं राहायचं, त्याच्यापुढे जायचं नाही, हे मीच तिला शिकवलं होतं. पण कट्टा संपतो तिथं खड्डा एकदम तुटतो, भिंतीसारखा, आणि वरून काही दिसत नाही, मातकट पाणी सगळं सारखंच. गाळणी तरंगत होती म्हणे. दफनभूमीच्या फाटकात मी नाझारेनोच्या शर्टाला धरून सगळ्यांसमोर ओरडले होते, ‘त्या जागेचं नाव माझ्या घरात काढायचं नाही! कधी नाही!’ तो ‘बरं’ म्हणाला होता. आणि शब्द पाळणारा माणूस आहे तो, मेला. बसचा आरसा हलत होता, त्यात ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता. बोट सुजून टम्म झालं होतं. मला एकसारखं दिसत होतं ते पाणी, आणि त्याच्यावर काही नाही. एखादा माणूस चार वर्षं जागा बघायला जातो, दर शनिवारी, कोणाला न सांगता, काठावर बसतो, आणि एका शनिवारी किल्ल्या ठेवून जातो. मी पिशवीतल्या बरणीवर हात ठेवून बसले, सांडू नये म्हणून, जणू तेवढं सांभाळलं की बाकीचंही सांभाळलं जाईल.

‘शेवटचा थांबा, ताई,’ ड्रायव्हर म्हणाला. ‘पुढं काही नाही. कुत्री आणि विटा.’

‘मला विटांकडेच जायचंय.’

‘भट्टी बंद आहे.’

‘माहीत आहे रे बाबा, दार उघड.’

चिलारीच्या काटेरी झुडपांतली वाट होती, चार वर्षांत गवत छातीएवढं झालेलं. पण मधून पायवाट होती. वापरातली, रुळलेली, लाल मातीची. कुंपणाची तार एका ठिकाणी वर वळवून ठेवलेली होती, माणूस जाईल एवढी. आणि खांबाला त्याचा शर्ट होता, नीट अडकवलेला, जसा तो कामावर अडकवतो. खाली बूट, बुटांत मोजे. हाक मारायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. नाझारेनो, हे नाव मी कितीतरी दिवसांत तोंडभरून घेतलं नव्हतं. मी तारेखालून गेले, ॲप्रन फाटला, टाचणी रुतली. तेवढ्यात पाण्याचा आवाज आला. डुबुक. मग काही नाही. मी जागच्या जागी उभी. पुन्हा, डुबुक, डुबुक, आणि खडखड, आणि कोणीतरी खोकलं. सिमेंटच्या धुळीचा तो खोकला, जो मी चोवीस तास ऐकते आणि ज्याचा मला वैताग येतो. मी मटकन खाली बसले आणि तिथं गवतात बसून रडले, अगदी हुंदके देऊन, लाज न बाळगता.

तो खड्ड्यात छातीपर्यंत उभा होता. गवंडीकामाची काळी बादली काठावर, तिच्यात राडारोडा: फुटक्या विटा, फरशीचे तुकडे, प्लास्टरची ढेकळं. काठावर त्याचा केवढा तरी ढीग, आणि शेजारी एक उसनी आणलेली हातगाडी. एकेक तुकडा घ्यायचा, पाण्याखाली पायाने चाचपायचं, वाकून नीट बसवायचा, भिंत बांधावी तसा. मला बघून तो हातात वीट घेऊन तसाच थांबला. शाळेत चोरी सापडल्यासारखा चेहरा.

‘म्हातारे,’ तो म्हणाला. लग्न झाल्यापासून तो मला हेच म्हणतो. ‘तू कशी आलीस?’

‘किल्ल्या ठेवून गेलास!’ मी ओरडले. ‘किल्ल्या ठेवून गेलास तू, गाढवा, मला वाटलं...’

‘तू घरीच असतेस ना. गाडी ढकलायची होती, खिशात टोचतात.’

‘आणि काठ्या?’

‘आज माल फार होता. कामावर ते जुनं स्वयंपाकघर पाडलं ना, परवा. काठ्या कशाला मिरवू?’ मग त्याला माझा चेहरा दिसला असावा, कारण त्याने वीट खाली ठेवली. ‘तुला काय वाटलं?’

तो काठाला येऊन कोपरं टेकून उभा राहिला, पाठ उन्हाने भाजलेली, हाताची नखं चिरलेली, आणि मी ते हात रोज जेवताना बघत होते आणि म्हणत होते की बाई. मी म्हटलं, ‘चार वर्षं?’ तो म्हणाला, ‘भरून टाकू म्हणत होते सगळे, पण कोणी भरेना. मी म्हटलं, आपण गवंडी आहोत. राडारोडा फुकटच मिळतो.’ ‘आणि मला सांगायला काय झालं होतं?’ ‘तूच म्हणालीस, नाव काढायचं नाही.’ ‘आणि ते मासे? मेलेले, बर्फातले, विकत घेतलेले?’ ‘ते तुला कळत होतं?’ ‘मी कोणाची मुलगी आहे रे?’ तो हसला, आणि हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं. म्हणाला, ‘आमिषाची बादली घरी रिकामी परत नेली तर संशय येईल म्हणून येताना इथलेच बारके मासे भरायचो. तेवढंच जरा खरं दिसावं म्हणून.’

मग मी पिशवीतून बरणी काढली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, उन्हाकडे धरली. पाठुंगळ्या पाठ वर काढून बसला होता, दाणे सगळे शाबूत. आणि मला एकाएकी दुसरीच धास्ती वाटली. मी म्हटलं, ‘तू हे सगळं भरून टाकलंस तर हे कुठं जातील? पट्टीवाले दुसरीकडे नाहीत. आम्ही सगळीकडे बघितलंय. ती म्हणाली होती, दुसरीकडे कुठंच नाहीत.’

‘तिकडं बघ,’ तो म्हणाला.

पूर्वेचा कोपरा तसाच होता. उथळ कट्टा, गवत, गवतावर सावली. विटेचा एक तुकडा तिकडं पडलेला नव्हता. कट्ट्याच्या कडेला त्याने पाण्याखालून ओळंब्यात बांध घातला होता, गवताच्या मुळांना धक्का न लावता, आणि बांधाच्या पलीकडे, जिथं तो तुटलेला कडा होता, तिथं भर. ‘तो कोपरा मी भरत नाहीये,’ तो म्हणाला. ‘खोल आहे तेवढंच भरतोय. पहिल्या वर्षी माझ्याच डोक्यावरून पाणी होतं, वरून नुसतं टाकायचो. आता तळ लागतो.’ आणि त्याने पाण्यात उभं राहून आपल्या छातीवर आडवा हात धरला, मुलाची उंची दाखवतात तसा, पण पाण्याच्या थोडा खाली. ‘तिचं डोकं इथं यायचं. म्हणजे अजून तिच्या डोक्यावरून जातं, वीतभर. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पाणी तिच्या खांद्याला आणतो.’

मी कोपऱ्यात जाऊन गुडघ्यावर बसले आणि बरणी पाण्यात तिरपी धरली. पाठुंगळ्या थोडा वेळ काचेलाच चिकटून राहिला, मग निघाला आणि गवताच्या काडीला धरून, पाठ वर काढून थांबला. माझं सुजलेलं बोट पाण्यात गार वाटलं. मागे पुन्हा डुबुक आवाज झाला.

‘नाझा,’ मी म्हटलं, ‘ती आता तेरा वर्षांची झाली असती. केवढी वाढली असती.’

तो थांबला. पुन्हा छातीवर, पाण्याखाली, आडवा हात धरला. त्याने तो हळूहळू वर नेला, पाण्याबाहेर, खांद्यापर्यंत, आणि तिथं धरून ठेवला. ‘मग आत्ताच उभी राहिली असती,’ तो म्हणाला. ‘टाचा न उचलता.’

ऊन कलायला अजून वेळ होता. मी चपला काढून त्याच्या बुटांशेजारी ठेवल्या, ॲप्रनची खोळ केली आणि ढिगाऱ्यातल्या विटा तिच्यात भरायला लागले.